स्पॅनिशच्या तासाला टॅब: कशासाठी हवा, कशासाठी नको?

स्पॅनिश शिक्षिका, ताराबाई पार्क
कोल्हापुरातल्या एका शाळेत मी आठवी ते दहावीला स्पॅनिश शिकवते. यंदा वर्गात टॅब आलेत आणि निम्मा तास अ‍ॅपवर घ्या अशी सूचना आहे. माझा विरोध टॅबला नाही, ट्रान्सलेटरला आहे. परवा आठवीला मुख्याध्यापकांच्या नावे सुट्टीचा अर्ज लिहायला दिला. कितीतरी वह्यांत पहिल्या वाक्यात 'उस्तेद' आणि पुढच्यात 'तू'. स्पॅनिशमधला 'तू' आपल्या 'तू'सारखाच एकेरी. म्हणजे एका ओळीत सरांना 'आपण' आणि लगेच अरेतुरे! घरी आजोबांना कधी एकेरी हाक न मारणारी मुलं ही, त्यांना मान कळत नाही असं कसं म्हणू? एकेक वाक्य इंग्रजीतून ट्रान्सलेटरमध्ये टाकलं, इंग्रजीच्या 'यू'मध्ये मानपान विरघळला आणि आलं ते उतरवलं. लिहिताना स्क्रीन बंद हवी, असं माझं ठाम मत आहे.

फाउंड्रीवाला, शिरोली एमआयडीसी
मॅडम, नाही पटलं. मेक्सिकोच्या गिऱ्हाइकाशी आमचा सगळा पत्रव्यवहार ट्रान्सलेटरवर चालतो. ही मुलं उद्या कामाला लागली की तेच वापरणार. मग वर्गातच त्याच्या चुका पकडायला शिकवा की.

स्पॅनिश शिक्षिका
सर, चूक पकडायला बरोबर काय ते आधी अंगात मुरावं लागतं. 'एस्तोय आबुर्रीदो' म्हणजे मला कंटाळा आलाय. 'सोय आबुर्रीदो' म्हणजे मी कंटाळवाणा माणूस आहे. आठवीतलं पोर दोन्हीला मान डोलावतं. शिवाय इन्स्टिट्यूटो सर्व्हान्तेस या स्पेन सरकारच्या संस्थेची 'देले' ही स्पॅनिशची परीक्षा शाळकरी मुलांसाठी वेगळी असते, त्यात लेखनही आहे आणि बोलणंही. तिथं मोबाइल हातात नसतो.

पालक, शिवाजी पेठ
ओ मॅडम, लिहायचं राहू द्या, ऐकायचं काय? आमचं पोरगं फुटबॉलवेडं. शाहू स्टेडियमला मॅच असली की घरात सापडत नाही, आणि रात्री स्पेनच्या खेळाडूंच्या मुलाखती लावून बसतंय. 'एच' लिहायचा पण म्हणायचा नाही, 'हाब्लो' नव्हे 'आब्लो', हे त्याच्या कानाला तिथंच बसलं. आता वाक्य थांबवतंय, मागं नेतंय, बरोबरीनं म्हणतंय. अख्ख्या कोल्हापुरात त्याला स्पॅनिश बोलणारा माणूस कुठं गाठ पडायचा, सांगा बघू!

स्पॅनिश शिक्षिका
दादा, हे शंभर टक्के मान्य. माझा एकटीचा आवाज ऐकून मुलांचा कान तयार होणार नाही. 'ग्रासियास'मधला पहिला 'स' मेक्सिकोचा माणूस आपल्यासारखाच म्हणतो, माद्रिदचा मात्र जीभ दातांमध्ये आणून 'थ'कडे झुकवतो. दोन्ही ऐकवायचे तर टॅब हवाच.

नववीतल्या मुलीची आई, कागल
वर्गातलं ठीक आहे हो ताई, पण गृहपाठ अ‍ॅपवर नको. आमच्या घरी स्मार्टफोन एकच, तो यांच्याबरोबर कामावर जातो. २०२०-२१ च्या ऑनलाइन शाळेत हेच सोसलं. आता अ‍ॅपवर सलग किती दिवस हजेरी लागली यावर गुण आहेत. हे रात्री उशिरा आले, त्या दिवसाची हजेरी बुडली आणि लेक जेवली नाही. धडा तिला तोंडपाठ होता!

स्पॅनिश शिक्षिका
ताई, हे गुण मी काढून टाकणार. ऐकण्याचा सराव वर्गातच घेईन, घरी वही पुरे. सर, चुका पकडण्याचा तुमचा पाठ दहावीला ठेवते. आठवी-नववीला मात्र लिहिताना टॅब कपाटातच.

फाउंड्रीवाला
दोन वर्षं कशाला थांबायचं? मुलं घरी वापरतातच, तुमच्या नजरेआड. तोच अर्ज ट्रान्सलेटरवर काढून फळ्यावर लावा, 'तू' कुठं घुसलाय ते आठवीलाच शोधू द्या.