वीरपत्नीच्या कुटुंब निवृत्तिवेतनावर आयकर लागतो का?

प्रश्न (कोरेगाव, जि. सातारा):
माझ्या मावशींचे यजमान सैन्यदलात होते आणि पूरग्रस्तांच्या बचावकार्यात त्यांना वीरमरण आले. मावशींचे कुटुंब निवृत्तिवेतन विवरणपत्रात ‘इतर उत्पन्न’ म्हणून दाखवले जाते आणि १५,००० रुपयांची वजावट घेऊन उरलेल्या रकमेवर दरवर्षी कर भरला जातो. हे बरोबर आहे का, आणि नसल्यास कोणती कागदपत्रे जमवावीत? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (कराड):
आपल्या मावशींना ही रक्कम संपूर्ण करमुक्त मिळायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे. आयकर अधिनियम, १९६१ च्या कलम १०(१९) नुसार सशस्त्र दलांतील किंवा निमलष्करी दलांतील व्यक्तीला मोहिमेच्या कर्तव्यावर (ऑपरेशनल ड्युटी) नियमात दिलेल्या परिस्थितीत मृत्यू आल्यास तिची पत्नी, मुले किंवा नामनिर्देशित वारस यांचे कुटुंब निवृत्तिवेतन करमुक्त असते. ही सूट केवळ युद्धातील मृत्यूसाठी आहे, अशी अनेकांची समजूत असते; मात्र आयकर नियमांतील नियम २बीबीए मध्ये शत्रूची कारवाई, दहशतवादी हल्ला, सुरुंग काढणे यांच्याबरोबरच नागरी प्रशासनाला मदत म्हणून केलेले नैसर्गिक आपत्तीतील बचावकार्यही स्पष्टपणे नमूद आहे. १५,००० रुपयांची (नव्या करप्रणालीत २५,००० रुपयांची) किंवा एक तृतीयांश रकमेची, यांपैकी जी कमी असेल ती वजावट सर्वसाधारण कुटुंब निवृत्तिवेतनासाठी आहे.

मृत्यू कोणत्या परिस्थितीत झाला, याचे विभागप्रमुखांचे प्रमाणपत्र मात्र अत्यावश्यक आहे. ते यजमानांच्या अभिलेख कार्यालयाकडून (सैनिकांच्या सेवेच्या नोंदी ठेवणारे कार्यालय) मागवावे आणि रक्कम विवरणपत्रातील करमुक्त उत्पन्नाच्या तक्त्यात दाखवावी. ही सूट नव्या करप्रणालीतही मिळते. १ एप्रिल २०२६ पासूनच्या आयकर अधिनियम, २०२५ मध्ये कलमांचे क्रमांक बदलतात, हे विवरणपत्र भरणाऱ्यांच्या लक्षात आणून द्यावे.

उत्तर (तासगाव, जि. सांगली):
वरील माहितीला थोडी पुस्ती जोडतो. परमवीर चक्र, महावीर चक्र, वीर चक्र किंवा अधिसूचित शौर्यपदक मिळालेल्यांचे निवृत्तिवेतन आणि त्यांच्या पश्चात कुटुंबाला मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन कलम १०(१८) नुसार करमुक्त आहे. अपंगत्व निवृत्तिवेतनाबाबत मात्र सावध राहावे, कारण केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या जून २०१९ च्या परिपत्रकानुसार सेवेमुळे आलेल्या अपंगत्वापायी सेवेतून कमी केलेल्यांनाच त्यावर करसूट मिळते. नियत वयोमानाने निवृत्त झालेल्यांना नाही.

आयकराशी संबंध नसला तरी घरपट्टीचेही पाहावे. राज्य शासनाने २०२० मध्ये माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा पत्नी यांना मालमत्ता करात माफी दिली आहे. त्यासाठी साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करून ग्रामपंचायतीकडे अर्ज द्यावा.