मदत हवी आहे: बायोप्सी लॅबपर्यंत पोचेस्तोवर पेशी मरतात

फेलोशिप संपून दीड वर्ष झालं. निम्मा आठवडा ओपीडी-वॉर्ड, निम्मा (कागदावर तरी) संशोधन. अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या (मोठ्या आतड्याचा दीर्घकाळचा दाह) काही पेशंटना इन्फ्लिक्सिमॅब हे दाह कमी करणारं औषध का लागू पडत नाही, हे औषध सुरू करण्याआधीच्या बायोप्सींवर सिंगल-सेल सिक्वेन्सिंग (एकेका पेशीत कोणती जनुकं चालू आहेत ते वाचणं) करून बघतेय.

तुकडे जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचे. काढले की थंड मीडियात (पेशी जिवंत ठेवणाऱ्या द्रवात), बर्फावर. पण स्कोप (आतडं बघायची दुर्बीण) माझ्याच हातात असतो, तो ठेवला की वॉर्डातून फोन. लॅब गाठायला कधी तास, कधी चार. शुक्रवारी पोचले तर बर्फाचं पाणी झालेलं, आणि ट्रायपॅन ब्लू (फक्त मेलेल्या पेशींत शिरणारा रंग) घातल्यावर निम्म्याहून जास्त पेशी निळ्या. एपिथेलियमचं, म्हणजे आतड्याच्या अस्तराचं, तर विचारूच नका, त्या पेशी जागेवरून सुटल्या की मरायला टपलेल्याच असतात.

तेही चालवून घेतलं असतं. पण काल वेळांची वही चाळताना पोटात गोळा आला. (हसा, पोटाचीच डॉक्टर आहे.) ज्यांचा मेयो एंडोस्कोपिक स्कोअर ३ (म्हणजे स्कोपीत दिसणारा दाह सगळ्यात तीव्र), त्यांची स्कोपी लांबते, म्हणून त्यांचेच नमुने सगळ्यात उशिरा पोचलेत! मग त्यांच्यात फॉस आणि जुन ही (पेशीवर ताण आला की चालू होणारी) जनुकं चढलेली दिसतात, ती दाहामुळे की ट्यूब ताटकळली म्हणून?

सगळं गोठवावं का? सर म्हणतात, ताजंच हवं.

प्रतिसाद १
ही दोन जनुकं ३७ अंशांवर कोलॅजिनेज (पेशी सुट्या करणारं एन्झाइम) चालवलं तरी चढतात, त्यांच्यावर मदार ठेवू नका. डीएमएसओत (गोठवताना पेशी वाचवणारं रसायन) गोठवा आणि दोन्ही गटांचे नमुने मिसळून एकाच दिवशी वितळवा. न्यूट्रोफिल (दाहात धावून येणाऱ्या पांढऱ्या पेशी) मात्र गोठवण्यात हातचे जातात, आणि कोलायटिसमध्ये ते जाणं परवडणारं नाही. एक तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाका, स्लाइडवर तरी दिसतील.

प्रतिसाद २
आधी एकाच पेशंटचे, एकाच जागेचे चार तुकडे घ्या. एक लगेच प्रोसेस करा, बाकीचे मुद्दाम एक, दोन आणि चार तास बर्फावर ठेवा. तो आलेख सरांपुढे ठेवा, मग बोला. आणि ट्यूब न्यायला दुसरं कुणीतरी नेमा हो, हे डॉक्टरचं काम नव्हे.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. वेळेचा प्रयोग आधी. सोमवारी लिस्टवर दोन केसेस आहेत, पण एथिक्सच्या परवानगीत पेशंटमागे सहाच तुकडे आहेत. चार यात गेले तर दोनच उरतात. सुधारणेचा अर्ज आज रात्री लिहायला घेते.