ऑक्टल, हेक्स आणि बाइटची सीमा

ऑक्टल (आठ हा पाया असलेली) संख्या हेक्समध्ये (सोळा हा पाया असलेल्या पद्धतीत) नेण्यासाठी ती आधी दशमानात आणून मग १६ ने भागत जाणे हाच खात्रीचा मार्ग आहे, असे एक मत आहे; ते मला पटत नाही. प्रत्येक ऑक्टल अंक तीन बिटांत (बिट म्हणजे ० किंवा १) लिहून संख्या बायनरीत म्हणजे द्विमानात मांडली आणि उजवीकडून चार-चार बिटांचे गट करून प्रत्येक गटाचा एक हेक्स अंक लिहिला की भागाकाराची गरजच उरत नाही, आणि चूक झालीच तर ती नेमक्या कोणत्या अंकात आहे तेही लगेच दिसते. दादरला पदविकेच्या विद्यार्थ्यांना शिकवताना मी भागाकाराची रीत सर्वांत शेवटी दाखवतो.

मात्र ऑक्टल मागे का पडले, हेही पाहायला हवे. ३६ बिटांच्या संगणकांवर बारा ऑक्टल अंक चपखल बसत. पण आठ बिटांचा बाइट (संगणकाच्या स्मृतीतील माहितीचे एकक) रूढ झाल्यावर हिशेब बिघडला, कारण आठला तीनने पूर्ण भाग जात नाही. हेक्समधील ९५७६ ही १६ बिटांची संख्या घ्या: तिचे दोन बाइट ९५ आणि ७६ हे नुसते पाहूनच कळतात. तीच संख्या ऑक्टलमध्ये ११२५६६ होते, आणि तिचे बाइट वेगवेगळे लिहिले तर २२५ आणि १६६ येतात. यातला २२५ मूळ संख्येत कुठेच सापडत नाही, कारण उजवीकडून तिसऱ्या अंकाचा, म्हणजे ५ चा, एक बिट वरच्या बाइटमध्ये जातो आणि दोन खालच्या बाइटमध्ये राहतात. पीडीपी-११ हा जुना संगणक १६ बिटांचा असूनही त्याच्या पुस्तिका ऑक्टलमध्येच होत्या, त्यामुळे स्मृतीतील बाइट वाचणाऱ्यांना ही फोड दरवेळी करावी लागे. युनिक्स या संगणक-प्रणालीतील फाइलींच्या परवानग्यांचे ७५५ मात्र आजही ऑक्टलच आहे, कारण तिथे (वाचणे, लिहिणे आणि चालवणे यांसाठी) तीन बिटांचाच गट लागतो.