मदत हवी आहे: एका घरात दोन इलेक्ट्रिक गाड्या, चार्जिंगची सोय कशी करावी? (गुहागर)

पाखाडीखालची:

नमस्कार मंडळी,

आम्ही गुहागर तालुक्यात राहतो. घर पाखाडीच्या खाली आणि गाड्या वर रस्त्याला, पत्र्याच्या शेडमध्ये. मीटर घराच्या पडवीत. पडवीपासून शेडपर्यंत केबल ४० मीटर सहज लागते.

ह्यांची नेक्सॉन आहे, रोज चिपळूणला जाऊन-येऊन साधारण ८५ किलोमीटर. आता माझ्यासाठी टियागो आली. माझी शाळा जवळ, दिवसाला २५-३० च्या वर जात नाही. आतापर्यंत गाडीबरोबर मिळालेल्या १५ अँपियरच्या चार्जरवर नेक्सॉन रात्रभर लावून ठेवत होतो. कनेक्शन सिंगल फेज, मंजूर भार २ किलोवॅट.

आता अडचणी सांगते. संध्याकाळी व्होल्टेज १९५ च्या आसपास असतं, आम्ही लाइनच्या शेवटच्या टोकाला आहोत. आणि एप्रिल-मे मध्ये चार्जर मध्येच लाल दिवा दाखवून थांबतो, अर्थिंग नाही म्हणतो. अर्थिंगच्या खड्ड्यात दोन कळश्या पाणी ओतलं की निमूट सुरू होतो. पावसाळ्यात काही तक्रार नाही.

चार्जर बसवणाऱ्या एका कंपनीकडून माणूस येऊन बघून गेला. त्याचं म्हणणं, दोन गाड्या म्हणजे ७.२ किलोवॅटचे दोन वॉलबॉक्स (भिंतीवर बसवायचे चार्जर), थ्री फेज आणि जाड केबल. खड्ड्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. कोटेशन वाचून सासरे म्हणाले, एवढ्यात अख्ख्या बागेला चिऱ्याचं कुंपण झालं असतं.

खरंच एवढं लागतं का? भरीस भर म्हणजे गणपतीत ठाण्याहून दीर येतात, त्यांचीही गाडी इलेक्ट्रिकच. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

घाटावरचा:

थ्री फेज करून टाका आणि ११ किलोवॅटचा चार्जर बसवा. एकदाच खर्च. उद्या तिसरी गाडी आली तरी प्रश्न नाही.

जुना वायरमन:

घाटावरचे साहेब, नेक्सॉनच्या आत जो चार्जर असतो तो जास्तीत जास्त ७.२ चा, सिंगल फेजचा. भिंतीवर ११ चा लावा नाहीतर २२ चा, गाडी एकाच फेजवरून ७.२ घेणार. टियागोचा साधा असेल तर ३.३. भिंतीवरचा डबा म्हणजे मुख्यतः स्विच आणि पहारेकरी, एसीचं डीसी गाडीच्या पोटात होतं. बाकी दोन फेज नुसते बघत बसतील.

ताई, चार्जर किती किलोवॅटचा हे आधी विचारूच नका. रात्रीत किती युनिट भरायचे ते काढा. नेक्सॉनला ८५ किलोमीटरसाठी, तुमच्याकडचे चढ धरून, १२ युनिट. चार्जिंगमधली घट धरून साडेतेरा. टियागोला चार. म्हणजे दोन्ही मिळून रोज १७-१८ युनिट. १९५ व्होल्टला १३ अँपियर म्हणजे अडीच किलोवॅट. सात तासांत दोन्ही गाड्यांचं पोट भरतं, तेही एकापाठोपाठ एक लावून. रात्री दहानंतर गावातले पंप आणि मिक्सर बंद होतात, व्होल्टेज चढतं, म्हणजे आणखी लवकर.

थोडक्यात, शेडमध्ये दोन स्वतंत्र १६ अँपियरचे पॉइंट करा आणि एका वेळी एकच चालेल अशी सोय ठेवा. गाडीत वेळ लावायची सोय असेल तर टियागो दहाला, नेक्सॉन बाराला. वेळेवर भरवसा नसेल तर साधा चेंजओव्हर स्विच बसवा, इकडे किंवा तिकडे. मंजूर भार मात्र २ वर ठेवू नका. ३.३ चा चार्जर आधीच त्याच्या बाहेर जातोय. सिंगल फेजवरच ५ किंवा ६ किलोवॅट करून घ्या. महावितरणच्या साइटवर अर्ज होतो, परवानाधारक कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो.

केबल आर्मर्ड (लोखंडी कवचाची), तांब्याची, ६ स्क्वेअर एमएम. १५ अँपियरला ४० मीटरवर साडेचार व्होल्ट पडतील. अडीचची टाकलीत तर जवळपास ११ पडतील, आणि तुमच्याकडे मुळातच १९५. पुढेमागे ७.२ चा चार्जर घ्यायचा विचार असेल तर आत्ताच १० ची टाका, चर पुन्हा खणण्यापेक्षा स्वस्त पडेल.

आणि या सगळ्याच्या आधी अर्थिंग. त्यावर रात्री लिहितो, आत्ता एका ठिकाणी फॉल्ट आलाय.

झिल कुडाळचो:

गो बाय, तिसऱ्या गाडयेचो विचारच करू नको. दिराक सांग, चिपळूणाक फास्ट चार्जरार थांब आणि भरूनच ये. चवथीच्या दिवशी गाडी हलवतलो कोण?

पाखाडीखालची:

झिल, हे मात्र दिरांना पटेल असं वाटत नाही, ते गणपतीत रोज गुहागरच्या समुद्रावर जातात. 😄

वायरमनकाका, खूप आभार. अर्थिंगबद्दल एक शंका. आमच्या इथल्या माणसाने फेज आणि अर्थमध्ये १०० चा बल्ब लावून दाखवला, लख्ख पेटला. म्हणाला, अर्थिंग एकदम ओके. मग चार्जर का रडतो?

जुना वायरमन:

बल्ब पेटायला अर्धा अँपियरही लागत नाही. खड्ड्याचा रोध २०-३० ओम असला तरी बल्बाला फरक पडत नाही, डोळ्यांना लख्खच दिसतो. चार्जर तेवढ्यावर फसत नाही, तो सुरू होण्याआधी अर्थ तपासून घेतो. बल्बवर जाऊ नका, अर्थ टेस्टरने मोजून घ्या, आणि मोजायचं ते मे महिन्यात. श्रावणात सगळ्यांचेच खड्डे पास होतात.

आपल्याकडे जांभा. पावसात पाणी पितो, उन्हाळ्यात खडखडीत कोरडा. कोरडा जांभा वीज जमिनीत जाऊच देत नाही. त्यात खड्ड्यात घातलेलं मीठ दोन-तीन पावसाळ्यांत धुऊन जातं आणि जाताना जीआय पाइप खाऊन जातं. मीठ-कोळशाऐवजी बेंटोनाइट (एक प्रकारची चिकणमाती) भरा, ते ओल धरून ठेवतं.

शेड वर कातळावर असणार, तिथे खणायच्या भानगडीत पडू नका. घरामागे मोरीचं पाणी ज्या माडाच्या आळ्यात जातं, त्याच्या कडेला कॉपर बाँडेड (तांब्याचा थर दिलेला) रॉड खोल उतरवा. ती जागा बारा महिने ओली असते. तिथून अर्थची तार केबलबरोबर वर शेडपर्यंत न्या. जुना खड्डाही त्याला जोडून टाका. रीडिंग पाच ओमच्या आत आणायचं बघा.

सर्किट ब्रेकर:

वायरमनकाकांशी सहमत. थोडी भर घालतो, कारण दोन वॉलबॉक्सवाला पर्यायही समजून घ्यायला हवा.

वॉलबॉक्स चार्जिंग केबलमधल्या कंट्रोल पायलट नावाच्या संदेशाच्या तारेवरून गाडीला सांगतो, अमुक अँपियरपर्यंतच घे. गाडी ते पाळते. याचाच उपयोग करून लोड बॅलन्सिंग, म्हणजे भाराची वाटणी, चालतं. मेन वायरवर एक सीटी (प्रवाह मोजणारं कडं) अडकवतात, घरात पंप किंवा एसी लागला की वॉलबॉक्स गाडीचा प्रवाह ३२ वरून खाली आणतो. दोन वॉलबॉक्स असतील तर ते ठरलेली मर्यादा आपसात वाटून घेतात. पण ६ अँपियरच्या खाली जाता येत नाही, तेवढंही उरत नसेल तर एक गाडी थांबून राहते. छान सोय आहे, पण तुमच्या १८ युनिटांना तिची गरज नाही. ज्यांच्या दोन्ही गाड्या रोज दीडदोनशे किलोमीटर धावतात त्यांनी करावी.

सुरक्षेचं मात्र टाळू नका. दोन्ही पॉइंटना वेगवेगळा आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा स्विच), ३० मिलिअँपियरचा, टाइप ए. दुकानात मागितला की बहुतेक वेळा टाइप एसी हातात देतात, चिन्ह बघून घ्या. गाडीतून डीसी गळती झाली तर टाइप एसी आंधळा होऊ शकतो. ६ मिलिअँपियरची डीसी गळती ओळखण्याची सोय चार्जरमध्ये आहे का, तेही त्याच्या माहितीपत्रकात पाहा. शिवाय सर्ज प्रोटेक्टर आणि कमी-जास्त व्होल्टेजला तोडणारा रिले. थ्री फेज घेतलंत तर हा रिले सक्तीचाच समजा. खाऱ्या हवेत खांबावरचा न्यूट्रलचा जोड खाल्ला गेला आणि सुटला, की सिंगल फेजच्या वस्तूंवर ४०० च्या जवळपास व्होल्टेज येऊ शकतं. एका रात्रीत फ्रिज, टीव्ही आणि चार्जर तिन्ही जातात.

हिशेबनीस:

बिलाचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. स्वतःची गाडी स्वतःच्या घरी चार्ज केली तर घरगुती दरच लागतो, मीटरवाल्याने काही वेगळं सांगितलं तर ऐकू नका. पण दोन गाड्यांचे महिन्याला साडेचारशे युनिट घराच्या युनिटांवर चढले की तुम्ही ३०० च्या पुढच्या, कधी ५०० च्याही पुढच्या स्लॅबमध्ये जाता. गाडीचं जवळजवळ प्रत्येक युनिट वरच्याच दराने पडतं.

दोन वाटा आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती झाली, तेव्हापासून गाडी चार्जिंगसाठी वेगळं कनेक्शन मागता येतं. त्या वर्गवारीला स्लॅब नाहीत. स्थिर आकार वेगळा भरावा लागतो, त्यामुळे दोन्हीकडचे चालू दर समोर ठेवून कागदावर मांडून बघा.

दुसरी वाट सोलरची. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. ३ किलोवॅटमधून उन्हाळ्यात दिवसाला १२ युनिट येतात, जून-जुलैत त्याची आशा धरू नका. नेट मीटरिंग (दिवसा बाहेर दिलेली वीज बिलातून वजा होणं) असलं तर गाडी रात्री लावली तरी सहसा हरकत नाही. सोलरची क्षमता मंजूर भाराशी जुळती लागते, म्हणून तो भार वाढवणं दोन्ही कामांना उपयोगी. शेडचा पत्रा मात्र आधी बघा. निसर्ग वादळात, २०२० साली, आमच्या दापोलीकडे पत्रे कुठून कुठे गेले ते डोळ्यांनी पाहिलंय. पॅनल लावायचे तर सांगाड्याचं काम नीट करून घ्या.

पाखाडीखालची:

सगळ्यांचे आभार. वॉलबॉक्सवाल्याला नको म्हणून कळवलं. चिपळूणहून टेस्टर असलेला माणूस बोलावला होता. जुन्या खड्ड्याचं रीडिंग ३८ ओम. माडाच्या आळ्याजवळ रॉड उतरवून, बेंटोनाइट भरून पुन्हा घेतलं तर ४. चार्जर त्या दिवशी भर दुपारी लावून ठेवला, लाल दिवा नाही. ५ किलोवॅटचा अर्ज भरलाय. वेगळ्या मीटरचा हिशेब ह्यांच्यावर सोपवलाय.

एकच उरलं. सध्याच्या सॉकेटमध्ये चार्जरची पिन घातली की थोडी हलते, आणि एका भोकाभोवती प्लास्टिक पिवळट झालंय. नवीन पॉइंट होईपर्यंत हेच वापरू का?

जुना वायरमन:

अजिबात नको. पिवळट म्हणजे आतली पट्टी सैल पडून तापलीय, पुढची पायरी काळी आणि मग वितळलेली. मेन बंद करून ते सॉकेट आजच काढून टाका, जळका वास येत असेल तर मागची वायरही चार बोटं कापून नव्याने जोडा. घरातलं साधं १६ अँपियरचं सॉकेट गिझरसाठी असतं, अर्धा तास चालायला. इथे सहा-सात तास सलग भार. नव्या पॉइंटना इंडस्ट्रियल सॉकेट घ्या, निळं, झाकणाचं, आणि चार्जरला तसाच टॉप लावता येतो का ते विक्रेत्याला विचारा, नाहीतर वॉरंटीवरून वाद होतात. तोवर चार-पाच दिवस नेक्सॉन चिपळूणलाच भरून आणायला सांगा, आणि तुम्ही टियागो शाळेत लावता आली तर बघा.

पाखाडीखालची:

शाळेत मुख्याध्यापकांना विचारलं. म्हणाले, लावा, पण मुलं सॉकेटला हात लावणार नाहीत याची जबाबदारी तुमची. सॉकेट आज संध्याकाळी काढतेय.