अनुभव धागा : गाणी, मालिका आणि चित्रपट आपल्या गावात कधी पोहोचले?

‘शोले’ १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झाला आणि मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात पाच वर्षांहून अधिक काळ चालला, ही माहिती त्याच्या पन्नाशीनिमित्त पुष्कळदा छापून आली. मात्र बीड जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी रिळांची पेटी पोहोचण्याच्या बऱ्याच आधी त्यातील संवादांची रेकॉर्ड पोहोचली होती. बसस्थानकासमोरच्या हॉटेलात ती दिवसभर वाजत असे, त्यामुळे चित्रपट लागला तेव्हा प्रेक्षकांना संवाद तोंडपाठ होते आणि चेहरे तेवढे नवे होते. मुंबई-पुण्याच्या तारखा पुस्तकांत नोंदल्या गेल्या आहेत, परंतु तीच गाणी, मालिका आणि चित्रपट मराठवाड्यात कधी आणि कोणत्या वाटेने आले, हे आपणच लिहून ठेवले नाही तर कोठेही सापडणार नाही. म्हणून हा धागा. आपल्या गावातील आठवण कृपया गावाच्या उल्लेखासह लिहावी.

उमरगा, निवृत्त शिक्षक

दूरचित्रवाणी मी प्रथम पाहिली ती महाराष्ट्रात नव्हे, तर सीमेपलीकडे गुलबर्गा जिल्ह्यात, मामांच्या गावी. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांना कार्यक्रम दाखवण्याचा ‘साइट’ नावाचा प्रयोग झाला. त्यात कर्नाटक आणि आंध्र प्रदेश होते, महाराष्ट्र नव्हता. मामांच्या गावातील शाळेवर तारेच्या जाळीची मोठी तबकडी बसवली होती आणि संध्याकाळी सारे गाव पटांगणात बसत असे. कार्यक्रम कन्नडमध्ये असत. शेतीचे आणि आरोग्याचे विषय, मध्येच लोकनृत्य. आम्हा मुलांना भाषा अर्धीच कळत होती, तरी कोणी जागचे उठत नसे. वर्ष संपताच उपग्रह अमेरिकेच्या बाजूला परत नेण्यात आला. आमच्या उमरग्यात पडदा उजळायला त्यानंतर कित्येक वर्षे जावी लागली. मुंबई दूरदर्शन मात्र २ ऑक्टोबर १९७२ पासूनच सुरू होते.

परभणी, गृहिणी

सरांनी सीमेचा विषय काढला म्हणून लिहिते. ‘गीतरामायण’ पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी सुरू झाले. आठवड्याला एक याप्रमाणे गदिमांची ५६ गीते बाबूजींनी स्वरबद्ध केली. १९५६ च्या एप्रिलमध्ये ती मालिका संपली, तेव्हा मराठवाडा अजून हैदराबाद राज्यातच होता, कारण राज्यपुनर्रचना १ नोव्हेंबर १९५६ ची. म्हणजे महाराष्ट्राशी जोडले जाण्यापूर्वीच ही गीते माझ्या सासूबाईंच्या वहीत येऊन पोहोचली होती. गल्लीतील एकमेव रेडिओसमोर बसून त्या ओळी टिपून घेत, सुटलेल्या ओळी शेजारणीकडून भरून घेत. त्या वहीत शाईचे दोन-तीन रंग दिसतात, ते त्यामुळेच.

जालना, कापड व्यापारी

आमच्याकडे बुधवार म्हणजे हिंदी चित्रपटगीतांची ‘बिनाका गीतमाला’. रेडिओ सिलोनवरून ३ डिसेंबर १९५२ रोजी सुरू झालेल्या त्या कार्यक्रमात आरंभी क्रमवारी नव्हतीच. सात गाणी वाजत, श्रोत्यांनी त्यांचा क्रम लावून पाठवायचा आणि अचूक उत्तराला शंभर रुपयांचे बक्षीस असे. ‘पायदान’, म्हणजे गाण्यांची क्रमवारी, नंतर आले. वडील सांगत की रात्री आठ वाजता बाजारातील दुकाने अर्धी मिटत आणि गिऱ्हाईकही फळीवर बसून ऐकत असे. निवेदक अमीन सयानींची हिंदुस्थानी जालन्याच्या माणसाला परकी वाटण्याचे कारण नव्हते, कारण निजामाच्या राजवटीत शाळा आणि कचेरी उर्दूतच चाललेली. माझ्या मते सयानींचे मोठेपण आवाजापेक्षा संयमात होते. गाण्याविषयी ते एवढेच बोलत की ऐकण्याची उत्सुकता वाढावी, आणि मग बाजूला होत. २० फेब्रुवारी २०२४ रोजी ते गेले, तेव्हा बाजारातील जुनी मंडळी कितीतरी वेळ त्यांच्याविषयीच बोलत होती.

लोहा, शेतकरी

‘जय संतोषी माँ’ हाही १९७५ चाच, ‘शोले’च्या आधी आलेला. मोठे नट नाहीत, पैसा थोडा, तरीही त्या वर्षी सर्वाधिक चाललेल्या चित्रपटांत तो गणला गेला. मी तो माळेगावच्या यात्रेत तंबू टॉकीजमध्ये पाहिला. तंबूच्या दाराशी वहाणांचा ढीग होता, कारण बाया देवळात जाव्या तशा अनवाणी आत जात होत्या. उषा मंगेशकरांच्या आवाजातील आरती सुरू झाली की पडद्याकडे सुटी नाणी पडत. यंत्र एकच असल्यामुळे रीळ बदलताना अंधार होई, आणि तेवढ्या वेळात बाहेरून खंडोबाचा येळकोट ऐकू येई.

उदगीर, प्राध्यापिका

१९८४ मध्ये देशभर लहान प्रक्षेपण केंद्रे झपाट्याने उभी राहिली, त्यानंतर आमच्या भागात अँटेना दिसू लागले. २ ऑक्टोबर १९८८ ला ‘महाभारत’ सुरू झाले तेव्हा गल्लीत मोजकेच संच होते आणि वीज गेली तर ट्रॅक्टरची बॅटरी आणून जोडली जाई. माझे अब्बा उर्दू शाळेत शिक्षक होते. श्रेयनामावलीत डॉ. राही मासूम रझा हे नाव आले की ते आम्हाला गप्प करून वाचायला लावत. रझांनी मालिकेच्या लेखनाचे काम आधी नाकारले होते. मुसलमानाने महाभारत का लिहावे, अशी पत्रे आल्यावर त्यांनी ते स्वीकारले, ही हकिगत पुढे प्रसिद्ध झाली. हरीश भिमाणींच्या आवाजातील ‘समय’ बोलू लागला की अब्बा प्रत्येक वाक्यानंतर मान हलवत. शेजारच्या काकूंना संस्कृतप्रचुर शब्द अडले तर अब्बांनाच विचारत, आणि ते अर्थ सांगून वर पोथीतील मूळ प्रसंगही सांगत. २४ जून १९९० रोजी मालिका संपली, तरी काकूंचे विचारणे थांबले नाही.

सोयगाव, कृषी सहायक

कवी ना. धों. महानोरांचे पळसखेडे आमच्याच तालुक्यात. ‘जैत रे जैत’ हा चित्रपट १९७७ चा, त्यातील जग रायगडातील ठाकर आदिवासींचे, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचे, पण ‘नभ उतरू आलं’ हे शब्द आमच्या शिवारात राहणाऱ्या माणसाचे आहेत, हे कळल्यावर गावात ते गाणे वेगळ्याच मानाने ऐकले जाऊ लागले.

धागाकर्ता

सर्वांचे आभार. परभणीच्या ताईंनी वहीतील एखाद्या पानाचे छायाचित्र द्यावे, अशी विनंती आहे. लोह्याच्या दादांनी तंबू टॉकीजचा उल्लेख केला आहे. त्या तंबूंत यंत्र चालवणारे, तिकिटे फाडणारे किंवा बैलगाडीतून भोंग्यावर जाहिरात करणारे कोणी वाचकांच्या घरात असतील, तर त्यांचे सांगणे येथे जरूर लिहावे. पेट्या कोणत्या गावाहून येत, एका गावी किती मुक्काम पडे आणि पावसाळ्यात ही मंडळी काय करीत, हे विशेष करून हवे आहे.