लेवुका सोडून सुवा : जागेची अडचण की जमिनीचा धंदा?

दर्यासारंग : फिजीची पहिली राजधानी ओव्हालाऊ बेटावरची लेवुका. १० ऑक्टोबर १८७४ ला थाकोम्बाऊ आणि इतर सरदारांनी तिथेच ही बेटं ब्रिटिशांच्या हवाली केली. १८७७ मध्ये राजधानी हलवायचं ठरलं आणि १८८२ साली सरकारी बिऱ्हाड सुवाला गेलं. कारण एकच सांगतात : मागे डोंगर, पुढे समुद्र, वाढायला जागा नाही. मला हे अर्धसत्य वाटतं. थाकोम्बाऊच्या डोक्यावर अमेरिकनांची देणी होती. १८६८ मध्ये मेलबर्नच्या पॉलिनेशिया कंपनीने ती फेडायचं कबूल करून जमिनी घेतल्या, त्यात सुवा होतं. शेती काही साधली नाही. मग जमिनीला भाव यायचा कसा? सरकारच तिथे आणून!

नकाशेवाला : साफ असहमत. लेवुकात किनाऱ्यालगत एकच मुख्य रस्ता, त्यावर दुकानांची रांग आणि पाठीला लगेच खडा चढ. मिशन हिलवर जायला आजही १९९ पायऱ्या चढाव्या लागतात. कचेऱ्या, तुरुंग, इस्पितळ बांधणार कुठे? सुवा मुख्य बेटावर, बंदर प्रशस्त, रेवा नदीचं खोरं जवळ. व्यापाऱ्यांचं फावलं म्हणून निर्णय त्यांचाच, हे कसं?

दर्यासारंग : मेलबर्नच्या थॉमसन आणि रेन्विक या व्यापाऱ्यांनी सरकारला जमिनीचं आमिष दाखवलं, ते विसरायचं का? आणि जागा एवढी सोयीची होती, तर १९३९ मध्ये उघडलेल्या सरकारी इमारतीसाठी जुन्या ओढ्याच्या पात्रात काँक्रीटचे खांब का ठोकावे लागले?

नकाशेवाला : ती गोष्ट पन्नासहून जास्त वर्षांनंतरची. शहर वाढलं म्हणूनच एवढी मोठी इमारत लागली. लेवुकात ती मावलीच नसती.

अनघा_वाई : दोघंही सरकार आणि सावकार यांच्यातच अडकलात. सुवात आधीपासून माणसं राहत होती. राजधानीसाठी त्यांना खाडीपलीकडे सुवावोऊला हलवलं. त्यांच्या गावठाणाच्या जागी आज थर्स्टन उद्यान आहे आणि शेजारी गव्हर्नरचा बंगला. तो बंगला १९२१ मध्ये वीज पडून जळाला, १९२८ मध्ये पुन्हा बांधला. साहेबांचं घर दोनदा उभं राहिलं, गावकऱ्यांना मात्र मूळ जागा परत मिळाली नाही. माझ्या मते खरा वाद हा आहे.

नकाशेवाला : सुवावोऊच्या लोकांवर अन्याय झाला, हे मान्य. पण त्यावरून लेवुका राजधानी म्हणून टिकली असती, हे सिद्ध होत नाही.

अनघा_वाई : लेवुका टिकवा असं मी म्हणतच नाही. सुवाच हवं होतं, तर गावकऱ्यांना सामावून शहर का वसवलं नाही, एवढंच विचारते आहे.