एस्प्लनेड मॅन्शन: दर्शनी भाग राखून आत नवी इमारत उभारली तर वारसा जपला जाईल का?

फोर्टफेरी:
गेल्या रविवारी मुंबईच्या काळा घोडा परिसरात वारसाफेरीला गेलो होतो. पूर्वीच्या वॉटसन्स हॉटेलसमोर, म्हणजे आताच्या एस्प्लनेड मॅन्शनसमोर, मार्गदर्शकाने आम्हाला बराच वेळ उभे केले आणि ल्युमिएर बंधूंनी येथे येऊन चित्रपट दाखवला, जमशेटजी टाटांना येथे प्रवेश नाकारला गेला म्हणून त्यांनी ताजमहाल हॉटेल बांधले, असे बरेच काही सांगितले. खरे सांगायचे तर शेजारच्या डेव्हिड ससून ग्रंथालयाच्या किंवा एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या मानाने ही इमारत मला रुक्ष वाटली. २००५ मध्ये तिच्या सज्जांचा भाग कोसळून एकाचा जीव गेला होता. असे असताना दर्शनी भाग तेवढा राखून आत नवी, सुरक्षित इमारत बांधली, तर नेमके काय गमावले जाईल?

बिडाचा_तवा:
मी संरचना अभियंता आहे, त्यामुळे माझे उत्तर एकांगी वाटण्याची शक्यता आहे. आपण शोभा भिंतींवर शोधलीत. या इमारतीचे महत्त्व तिच्या सांगाड्यात आहे. रोलंड मेसन ऑर्डिश या इंग्रज अभियंत्याने तिचा आराखडा केला, लोखंडी भाग इंग्लंडमध्ये तयार होऊन जहाजाने मुंबईस आले आणि १८६० च्या दशकाच्या अखेरीस येथे जोडले गेले. त्या काळी मुंबईतल्या मोठ्या इमारतींचा भार जाड दगडी भिंती पेलत असत. येथे तो लोखंडी खांब आणि तुळया पेलतात, तर विटांच्या भिंती केवळ मधल्या मोकळ्या जागा भरण्यापुरत्या आहेत. आज कोणत्याही चौकात उभा राहणारा काँक्रीटचा सांगाडा याच विचाराने चालतो. म्हणूनच लोखंडी सांगाड्याची भारतातील सर्वांत जुनी उभी इमारत म्हणून तिचे नाव घेतले जाते. सांगाडा काढून दर्शनी भाग ठेवणे म्हणजे घड्याळातील यंत्र काढून तबकडी जपण्यासारखे आहे.

येथे नियमाचीही एक अडचण आहे. मुंबईच्या वारसा यादीत ही इमारत द्वितीय ‘अ’ श्रेणीत आहे आणि त्या श्रेणीत अंतर्गत बदलांना छाननीनंतर परवानगी मिळू शकते. ज्या इमारतींचे सौंदर्य बाहेर आहे त्यांना ही सवलत योग्यच आहे, पण येथे जपण्याची वस्तू आत असल्यामुळे तीच सवलत घातक ठरू शकते.

सावेदादाप्रेमी:
मार्गदर्शकाच्या दोन गोष्टी दुरुस्त करायला हव्यात. ७ जुलै १८९६ रोजी येथे चलच्चित्रांचा खेळ झाला हे खरे, परंतु ल्युमिएर बंधू स्वतः आले नव्हते. त्यांचा प्रतिनिधी मारियस सेस्तिए आला होता आणि तिकीट एक रुपया होते. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा, यांना या खेळातूनच प्रेरणा मिळाली, असे चित्रपटाच्या इतिहासात नोंदवलेले आहे. त्यांनी कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती चित्रित केली. टाटांची कथा मात्र आख्यायिका म्हणूनच सांगावी. अशा कथांवर वारशाचा दावा उभा केला, तर कथा खोटी ठरताच इमारतही गैरलागू ठरते.

दुसरा_मजला:
माझ्या मामांचे वकिलीचे कार्यालय या इमारतीत होते. सत्र न्यायालय जवळ असल्याने तेथे वकिलांची गर्दी असे. हॉटेलच्या खोल्यांना प्लायवूडचे आडोसे घालून, वर पोटमाळे काढून एकेका खोलीत दोन-दोन कार्यालये थाटलेली होती. मामांच्या टेबलाला खेटून एक लोखंडी खांब होता; त्यावर तैलरंगाचे इतके थर चढले होते की नक्षीच्या खाचा बुजून गेल्या होत्या. मामा त्याला खिळा ठोकता येत नाही म्हणून कुरकुरत आणि सुतळीने दिनदर्शिका बांधत. वर्षानुवर्षे गोठलेल्या भाड्यात कोणता मालक असा सांगाडा राखणार? भाडेकरूंनाही आपण दुरुस्ती केली तर हक्क जाईल, अशी भीती असे. २०१९ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने इमारत रिकामी झाली, तेव्हा फायलींचे गठ्ठे हातगाडीवर गेले.

फोर्टफेरी:
तिघांचेही आभार. पण त्याच वर्षी आयआयटी मुंबईच्या तपासणीत इमारत पाडण्याची शिफारस झाली होती ना? दुरुस्ती शक्यच नसेल, तर सांगाड्याचे महत्त्व पटूनही उपयोग काय?

बिडाचा_तवा:
शिफारस झाली होती, आणि दुरुस्ती शक्य असल्याचे मत इतर तज्ज्ञांनी मांडले होते. ओतीव लोखंड म्हणजे आपले बीडच. बिडाचा तवा आपटला तर वाकत नाही, फुटतो. मात्र वरून येणारा दाब बीड उत्तम पेलते. त्यामुळे उभे खांब बहुधा टिकतात. पाणी मुरलेल्या जोडांची, तुळयांच्या टोकांची आणि बाहेर झुकलेल्या सज्जांची खरी चिंता असते. बिडाला पडलेली भेग वितळजोडाने (वेल्डिंगने) सांधू गेल्यास उष्णतेने शेजारीच नवी भेग पडू शकते, म्हणून भेगेच्या दोन्ही बाजूंना छिद्रे पाडून धातूच्या पट्ट्या व खिळ्या बसवून ती थंडपणे ‘शिवतात’. काम वेळखाऊ आणि महाग आहे. पाडायचे की राखायचे हे ठरवण्यापूर्वी प्रत्येक खांबावरचा तो तैलरंग खरवडून खालचे लोखंड पाहावे लागेल, इतकेच मी आज खात्रीने सांगू शकतो.